अडुसष्टाव्या पानावरचा निष्कर्ष : प्रकल्प-मार्गदर्शक प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनांमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करणारे सर्व प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

मागच्या मे महिन्यात एका महाविद्यालयात मी व्हायवासाठी, म्हणजे प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेसाठी, एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून गेले होते. चार मुलांचा एक गट समोर बसला. त्यांनी जवळच्याच एका गावातली पिण्याच्या पाण्याची उंच टाकी तपासली होती. खांबांवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अजमावायचं उपकरण; आकडा कमी तेवढं काँक्रीट कमकुवत) मारून आकडे घेतले होते, प्लास्टर सुटून सळ्या उघड्या पडलेल्या जागांचे फोटो काढले होते, भर उन्हात चार दिवस शिडीवर काढले होते. काम मन लावून केलेलं दिसत होतं. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधलेला अहवाल, नेहमीसारखंच होतं. काळी कडक बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत ८६ पानं.

मी निष्कर्ष शोधायला लागले. प्रमाणपत्र, आभार, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी, मग काँक्रीटचा इतिहास, सिमेंटचे प्रकार, वीसेक शोधनिबंधांचे सारांश. अडुसष्टाव्या पानावर एक तक्ता सापडला. टाकीचे सहा खांब. पाच खांबांवर हॅमरचे सरासरी आकडे ३४ ते ३७. सहाव्या खांबावर २२. तक्त्याखाली एकच ओळ होती: 'टाकीच्या दुरुस्तीची आवश्यकता दिसून येते.'

मी विचारलं, "हे ग्रामपंचायतीला कळवलंत का?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "नाही मॅम, हे सबमिशनसाठी होतं."

तिने खरं तेच सांगितलं, आणि त्यात तिचा काही दोष नाही. अहवाल म्हणजे जमा करायची वस्तू, हे तिला चार वर्षांत आपणच शिकवलं. 'आपण' म्हणते, कारण एक्स्टर्नलच्या खुर्चीत बसून मीही आजवर अशा कितीतरी ब्लॅक बुकांवर सह्या केल्या आहेत.

सरकारी नोकरीत धरणं आणि कालव्यांच्या कामावर माझी ३१ वर्षं गेली. पहिली काही वर्षं मी अहवाल लिहिले, नंतरची सगळी वर्षं वाचले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. कॉलेजात अहवालाचा जो साचा हाताला लागतो, तो नोकरीत सुटत नाही. आधी सगळी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग तक्ते, आणि शेवटी दमून गेल्यावर दोन ओळींचा निष्कर्ष. मीही अशीच लिहीत होते. त्याची किंमत कशी मोजावी लागू शकते, हे मला एका मातीच्या धरणाने शिकवलं.

मी तेव्हा शाखा अभियंता होते. धरण लहान होतं, पण खाली दोन वाड्या होत्या. धरणाच्या पायथ्याशी, साखळी क्रमांक ३४० जवळ, टो ड्रेनमधून पाझर यायचा. साखळी क्रमांक म्हणजे धरणाच्या एका टोकापासून मोजलेलं अंतर, आणि टो ड्रेन म्हणजे पाझराचं पाणी गोळा करणारी पायथ्याची चर. मातीच्या धरणातून पाणी पाझरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो पाझर किती आहे, वाढतोय का आणि पाणी नितळ आहे का, हे बघायचं असतं. त्यासाठी ड्रेनच्या तोंडाशी ९० अंशांचा व्ही-नॉच बसवलेला असतो. पत्र्याला कोरलेली इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच आणि बाजूला पट्टी. चौकीदार रोज सकाळी पट्टीवरची उंची वहीत लिहून ठेवायचा.

सप्टेंबरात धरण जवळपास भरलं होतं. मी पाहणी केली आणि ४१ पानांचा अहवाल लिहिला. पाणलोट क्षेत्र, सरासरी पर्जन्यमान, धरणाची लांबी, सांडव्याचा प्रकार, पिचिंगची स्थिती, सगळं व्यवस्थित लिहिलं. सत्ताविसाव्या पानावर गळतीचा तक्ता होता. पंधरा दिवसांपूर्वी नॉचवरची उंची ५ सेंटीमीटर, आता ७. त्याखाली मी लिहिलं: 'सदर ठिकाणी गळतीचे प्रमाण किंचित वाढल्याचे निदर्शनास आले. योग्य ती कार्यवाही प्रस्तावित आहे.'

दोन सेंटीमीटर म्हटलं की ते किंचितच वाटतं. पण व्ही-नॉचवरून वाहणारं पाणी उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतं. ५ सेंटीमीटरला सेकंदाला पाऊण लिटर, ७ सेंटीमीटरला पावणेदोन लिटर. म्हणजे पाझर सव्वादोन पटीहून जास्त वाढला होता. दिवसाला दीड लाख लिटरहून अधिक पाणी भरावातून वाट काढत होतं. हे गणित मला येत होतं, परीक्षेत मी ते सोडवलंही होतं. अहवालात मात्र पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला आणि त्याचा अर्थ काढायचं काम वाचणाऱ्यावर सोडून दिलं. वाचणाऱ्यापुढे त्या आठवड्यात अशा तीस फायली होत्या. त्यांनी पहिलं पान पाहिलं, 'धरणाची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक' हे वाक्य वाचलं आणि सही केली.

एकोणीस दिवसांनी चौकीदार सायकलवरून घरी आला. सकाळचे सहा वाजले होते. हातात काचेचा ग्लास होता, तो त्याने माझ्यासमोर उजेडात धरला. म्हणाला, "बाई, पाणी मातकट यायला लागलंय." ग्लासच्या तळाशी बोटाच्या नखाएवढा गाळ बसला होता. पाझराचं पाणी गढूळ झालं म्हणजे ते भरावातली माती बरोबर घेऊन येऊ लागलं आहे. आतून पोकळी धरते, पोकळीतून आणखी पाणी येतं, ते आणखी माती नेतं. हे सुरू झालं की हातात किती तास उरलेत, ते कुणालाच सांगता येत नाही.

त्या दिवशी विमोचक, म्हणजे धरणातून पाणी सोडायचा दरवाजा, पूर्ण उघडला. गळतीच्या जागेवर आधी वाळू, तिच्यावर खडी, खडीवर दगड असा उलटा फिल्टर रचला. पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची, म्हणून भोक बुजवायचं नसतं. दोन्ही वाड्यांतली माणसं रात्री शाळेत नेऊन ठेवली. चौथ्या दिवशी पाणी नितळ झालं. कुणाला काही झालं नाही.

आठवड्याने साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझाच अहवाल होता, सत्तावीस नंबरचं पान उघडं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे पान मी त्या दिवशी वाचलं असतं, तर तू तेव्हाच पाणी सोडलं असतंस." मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आता लिही. मी फक्त हेच वाचणार आहे असं समजून लिही."

मी लिहिलेला तो मजकूर आजही आठवतो, म्हणून इथे देते:

'साखळी क्रमांक ३४० जवळ पायथ्याची गळती पंधरा दिवसांत सेकंदाला पाऊण लिटरवरून पावणेदोन लिटरवर गेली आहे. या काळात उघडीप होती, त्यामुळे ही वाढ पावसाच्या पाण्याची नाही. जलाशयाची पातळी केवळ ३० सेंटीमीटरने वाढली; तेवढ्याने गळती दुपटीहून जास्त होत नाही. पाणी आज नितळ आहे. विमोचकातून पाणी सोडून पातळी एक मीटरने खाली आणण्याची परवानगी ४८ तासांत मिळावी. तोवर दर सहा तासांनी नोंद घेतली जाईल. पाणी गढूळ झाल्यास परवानगीची वाट न पाहता विमोचक उघडला जाईल.'

यात नवी माहिती एकही नाही. सगळी त्या ४१ पानांत होतीच. पण इथे काय बिघडलंय ते आधी आलं, ते गंभीर का आहे ते लगेच मागून आलं, कुणाकडून काय हवंय आणि किती वेळात, हेही आलं. अजून काय बिघडलेलं नाही तेही आलं. अनेक मुलं ते लिहीत नाहीत. 'पाणी आज नितळ आहे' हे वाक्य नसतं, तर वाचणारा एक तर विनाकारण घाबरला असता किंवा त्याने पुन्हा विचारणा करण्यात एक दिवस घालवला असता.

मी लिहिलेली ती जुनी दोन वाक्यंही बघा. 'निदर्शनास आले.' कुणाच्या? कधी? किती वाजता? चौकीदाराच्या वहीवरून की मी स्वतः उभी राहून मोजलं? 'योग्य ती कार्यवाही.' योग्य म्हणजे कोणती? आपल्या कार्यालयीन मराठीत अशी वाक्यं तयारच असतात. त्यांत कर्ता नसतो, मुदत नसते, आकडा नसतो. ती लिहिली की आपण काहीतरी केलं असं वाटतं. मुलं ती वाक्यं इंग्रजीतही तशीच नेतात. माझी विनंती आहे की मुलांच्या कच्च्या खर्ड्यात 'आढळून आले', 'आवश्यकता आहे', 'शक्यता नाकारता येत नाही' दिसलं की तिथे लाल पेनाने 'कोण, कधी, किती' एवढेच तीन शब्द लिहा. चार वेळा लिहिलेत तर पाचव्यांदा लिहावं लागणार नाही.

हा दोष आपल्याकडचाच आहे असंही नाही. १६ जानेवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया हे अवकाशयान निघालं, त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून वर होतं, आणि खाली अभियंते हिशेब करत होते की उष्णतारोधक फरशांचं किती नुकसान झालं असेल. त्यांनी एक स्लाइड तयार केली. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या एका स्लाइडची वेगळी चिकित्सा केली आहे, ती तुमच्या प्रत्येक वर्गात दाखवावी अशी आहे. स्लाइडच्या मथळ्याचा सूर असा, की चाचण्यांवरून काढलेला अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेला आहे. वरिष्ठ माणूस मथळा वाचतो आणि निश्चिंत होतो. पार तळाला, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात लिहिलं होतं की आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच आहे आणि चाचणी झाली ती ३ घन इंचांच्या तुकड्यावर.

आपल्या मापात सांगते. चाचणीतला तुकडा औषधाच्या लहान बाटलीएवढा, पन्नास मिलिलिटरच्या आतला. पंखावर आदळलेला तुकडा, त्यांच्याच अंदाजाने, ३१ लिटरचा, दोन हंडे पाणी मावेल एवढा. सहाशे चाळीस पट. या स्लाइडचा खरा निष्कर्ष 'आपली चाचणी या आघाताला लागूच होत नाही' हा होता, आणि तो मथळ्यात यायला हवा होता. तो शेवटच्या ओळीत पडून राहिला. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वाचणाऱ्याने आपापला लावायचा. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान तुटलं, सातही जण गेले. मंडळाने लिहिलं आहे की एखादा वरिष्ठ अधिकारी ही स्लाइड वाचेल आणि प्रश्न जीवन-मरणाचा आहे हे त्याच्या लक्षातही येणार नाही. माझ्या सत्ताविसाव्या पानाचं दुखणं हेच होतं.

चांगलं लिहिलं की ऐकलं जातंच, असं मात्र मुलांना सांगू नका. तसं नसतं. चॅलेंजर या अमेरिकेच्याच दुसऱ्या अवकाशयानाच्या अपघाताच्या सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ ला, रॉजर बोझोले या अभियंत्याने रॉकेट बनवणाऱ्या आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांना टिपण पाठवलं होतं. पहिल्याच वाक्यात त्याने सांगितलं की रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंग (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) झिजण्याचा प्रश्न किती गंभीर आहे हे व्यवस्थापनाला पूर्ण कळावं म्हणून हे लिहीत आहे. माणसं दगावतील हेही त्याने स्पष्ट लिहिलं. तरीही २८ जानेवारी १९८६ ला, थंडीने गारठलेल्या सकाळी, यान उडवलं गेलं. अभियंत्याच्या हातात तेवढंच असतं, की आपल्या कागदामुळे कुणाला 'मला कळलं नव्हतं' असं म्हणता येऊ नये. बोझोलेने ते केलं होतं. मी केलं नव्हतं.

आता आकड्यांविषयी. त्या टाकीच्या ब्लॅक बुकात सहाव्या खांबाच्या काँक्रीटची ताकद '१४.७३' लिहिली होती, दशांशानंतर दोन घरं. रिबाउंड हॅमरवरून काढलेल्या ताकदीत अधिक-उणे २५ टक्क्यांचा फरक असू शकतो, असं भारतीय मानकातच नमूद होतं. मग ते '७३' कुठून आलं? कॅल्क्युलेटरमधून. मुलांना वाटतं की जास्त घरं म्हणजे जास्त अचूक. त्यांना सांगा की 'साधारण १५, पण ११ ते १९ मध्ये कुठेही असू शकतं. खात्रीसाठी कोअर, म्हणजे खांबातला काँक्रीटचा गोल नमुना, काढून तपासावं' हे वाक्य त्या १४.७३ पेक्षा जास्त खरं आहे आणि जास्त उपयोगीही आहे. फोटोचंही तसंच. भेगेच्या फोटोत पट्टी नसेल तर ती केसाएवढी आहे की बोट जाईल एवढी, हे कळत नाही. भेगेच्या टोकाशी खडूने आडवी रेघ मारून तारीख टाकली, तर पुढच्या वर्षी जाणाऱ्याला ती पुढे सरकली का हे दिसतं. धरणावर आम्ही हे शिपायाकडून शिकलो, कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

धरणांच्या पाहणीत त्रुटींचे तीन वर्ग करायची पद्धत आहे: धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकतील अशा, तातडीने मोठी दुरुस्ती मागणाऱ्या आणि वर्षभरात उरकता येतील अशा किरकोळ. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करणं तर २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने कायद्याच्या कक्षेतल्या धरणांना बंधनकारकच केलं आहे. ही वर्गवारी मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती लिहिणाऱ्याला ठरवायला भाग पाडते. अभ्यास कुठल्याही विषयाचा असो, 'माझा निष्कर्ष या तिघांपैकी कशात बसतो?' हे मुलांनी लिहायला बसण्याआधी ठरवावं. ते ठरलं की पहिलं पान आपोआप सुचतं. ठरत नसेल तर अभ्यास अजून पुरा झालेला नाही, आणि मग शंभर पानं लिहूनही तो पुरा होणार नाही.

माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. पानांची किमान संख्या काढून टाका. 'ऐंशी पानं झाली पाहिजेत' हा नियम आहे तोवर मुलं सिमेंटचा इतिहास लिहीत राहणार आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लावणार. प्रमाणपत्र आणि आभार राहू देत, पण त्यांच्याही आधी एक पान असू द्या, ज्यात काय सापडलं, त्यावर किती विश्वास ठेवता येईल, कुणी काय करावं आणि कधीपर्यंत, एवढंच असेल. गोषवारा म्हणून आज जे लिहिलं जातं त्यात 'या प्रकल्पात अमुक अभ्यास केला आहे' असं असतं. अभ्यास केला हे सांगायला पान लागत नाही. त्यातून काय निघालं ते हवं. मोजमापाच्या मूळ नोंदी, तारीख-वेळेसह, मागे परिशिष्टात सगळ्या असू देत. त्या कितीही पानांच्या असल्या तरी माझी हरकत नाही, कारण ज्याला शंका येईल तो तिथे जाईल.

आणि ते पहिलं पान मराठीत लिहायची मुभा द्या. आग्रह धरलात तर आणखी चांगलं. मुलांचा उरलेला अहवाल इंग्रजीत असू दे, विद्यापीठाचा नियम असेल. पण टाकीबद्दलचा निर्णय ग्रामसभेत होणार आहे, धरणाच्या नॉचवरचा आकडा चौकीदार वाचणार आहे. कार्यालयीन नव्हे, रोजच्या बोलण्यातल्या मराठीत लिहायला बसलं की उसनी वाक्यं हाताशी नसतात, मुलाला स्वतःला काय म्हणायचंय ते शोधावं लागतं. कित्येकदा तिथेच कळतं की त्याला अजून काही म्हणायचंच नाहीये. शब्द मात्र साइटवर बोलतात तेच वापरू द्या. टो ड्रेनला टो ड्रेन, शटरिंगला शटरिंग. शब्दकोशातून आणलेल्या शब्दाने सरपंचही अडतो आणि मिस्त्रीही.

व्हायवाच्या वेळी आधी तेवढं एकच पान वाचा आणि त्यावरच प्रश्न विचारा. मुलांना हे आधीपासून ठाऊक असेल, तर ती त्या पानावर आठ दिवस घालवतील.

त्या चौघांना मी त्याच खोलीत, त्याच टेबलावर ते पान लिहायला बसवलं. पाऊण तास लागला. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. शेवटचा मजकूर असा होता:

'गावच्या पाण्याच्या टाकीच्या सहा खांबांपैकी शाळेच्या बाजूचा एक खांब बाकीच्यांपेक्षा बराच कमकुवत आढळतो आहे. आम्ही २१ फेब्रुवारीला हॅमरने तपासलं. या पद्धतीत पाव हिश्श्याचा फरक पडू शकतो, पण या खांबातला फरक त्याहून मोठा आहे. त्याच खांबाची सळई दोन ठिकाणी उघडी पडून गंजली आहे. टाकी आज पडेल असं आम्ही म्हणत नाही. कोअर काढून तपासणी होईपर्यंत टाकी निम्मीच भरावी आणि खाली मुलांना खेळू देऊ नये. ही तपासणी पावसाळ्याआधी करून घ्यावी.'

ज्या मुलीने 'सबमिशनसाठी होतं' म्हटलं होतं, तिनेच ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघांना घेऊन ग्रामपंचायतीत गेले.

आपली नम्र,
एक निवृत्त उपविभागीय अभियंता